तिघींचा खडा

१

तिघांनी मिळून घराबाहेर पडणं माझ्या सासूबाईंना कधी चालत नसे. तीन माणसं निघायची असली, की त्या चौथा म्हणून एक खडा बरोबर घेत. तीन तिगाडा, काम बिगाडा. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं, त्या मला शिकवायला बघत होत्या.

पुण्यात हे खपून गेलं असेल. इथे न्यू जर्सीत, एडिसनला आमच्या टाउनहाउसच्या दाराशी एक कुंडी आहे. तिच्यात शोभेला म्हणून मी पांढरे गोटे घातलेत. चार वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून ओक ट्री रोडच्या देशी बाजारात तिघं कोथिंबीर आणायला निघालो तरी त्यातला एक गोटा त्यांच्या पर्समध्ये जायचा. परत आलो की कुलूप उघडायच्या आधी तो कुंडीत. एकदा विसरल्या, तर भरल्या ताटावरून उठून ठेवायला गेल्या.

"आई, तो दगड आहे," मी एकदा न राहवून म्हणाले.

"दगडच आहे गं. मी कुठे माणूस म्हणते? मोजायला चार झाले म्हणजे झालं."

मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात, आणि निमिष, माझा नवरा, म्हणतो की घरी मी तेच काम फुकट करते. पण सासूशी वाद घालायला माझ्याकडे बरेच विषय होते. खड्याचा नंबर त्यात फार खाली होता.

नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या शाळांना टीचर्स कन्व्हेन्शनची सुट्टी असते. आमची आन्या दहा वर्षांची आहे. तिने शाळेत सेंट ऑगस्टिनवर प्रोजेक्ट केलं होतं. फ्लोरिडातलं हे बंदर स्पॅनिश लोकांनी साडेचारशे वर्षांपूर्वी वसवलेलं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं शहर. तिथल्या जुन्या भागातली भिंत न् भिंत तिला बघायची होती. विमान, खोली, गल्ल्यांमधली वॉकिंग टूर, सगळं मी चौघांचं बुक केलं.

नेवार्कच्या एअरपोर्टवर निमिषचा फोन वाजला. त्याच्या ऑफिसात प्रॉडक्शनमध्ये इश्यू आला होता, चालू सिस्टिम बंद पडली होती.

"तुम्ही व्हा पुढे, मी उद्याची फ्लाइट घेतो," तो म्हणाला. म्हणजे येणार नाही, हे मला लग्नाच्या बारा वर्षांत कळायला लागलंय.

घरातून आम्ही चौघं निघालो होतो, त्यामुळे आईंनी खडा घेतला नव्हता. आता टर्मिनलच्या दाराशी त्या खाली बघत उभ्या राहिल्या. सगळीकडे काँक्रीट.

"आई, चला. सिक्युरिटीला लाइन आहे."

त्या आल्या, पण विमानात त्यांनी काही खाल्लं नाही.

२

आमची खोली जुन्या भागात होती, एका गल्लीतल्या छोट्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये. गल्ली इतकी अरुंद, की आमची भाड्याची गाडी आत आणताना मी दोन्ही आरसे मिटवून घेतले. दोन्ही बाजूंना करड्या भिंती. जवळून बघितलं तर त्या भिंतींत नुसते शिंपले, लाखो, एकमेकांत दाबून दगड झालेले. आन्या म्हणाली, याला कोकीना म्हणतात, किल्लासुद्धा याचाच आहे, आणि तोफेचा गोळा लागला तर तो फुटत नाही, गोळ्याला आत घेतो.

"इट जस्ट स्वॅलोज इट, मॉम."

सकाळी दहाला टूर होती. ऊन नोव्हेंबरातलं असूनही डोळ्यांत खुपत होतं. गल्लीत चारपाच घरं पुढे गेल्यावर आई थांबल्या. तिथे एक बंद घर होतं. रस्त्याला लागून एकच पायरी, बुटकं दार, शेजारी लाकडी गजांची खिडकी. भिंतीचा पाया एका ठिकाणी झडला होता आणि पायरीवर लिंबाएवढा एक तुकडा पडला होता. आईंनी तो उचलला.

"आई, हे हेरिटेज आहे. फाइन मारतील."

"एवढासा तर आहे. संध्याकाळी ठेवते की परत."

पण तो त्यांनी लगेच पर्समध्ये टाकला नाही. तळहातावर घेऊन त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर पंजाबी ड्रेस, त्यावर निमिषचं जुनं राखाडी जॅकेट, पायांत पांढरे बूट. सत्तरी ओलांडलेली बाई भर रस्त्यात दगड तोलत होती, आणि समोरून येणारं एक जोडपं आमच्याकडे बघत होतं. मला लाज वाटली.

"आपल्या दारातला असता तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "लोकांच्या दारातला खडा मी कधी घेतला नाही."

"मग नका घेऊ."

"तिघी आहोत ना," त्या म्हणाल्या, आणि पर्सची चेन लावली.

३

टूरचा गाइड जुन्या काळच्या सैनिकासारखा लोकरी कोट घालून घामाघूम झाला होता. त्याने बोट फिरवत सगळ्यांना मोजलं. आमच्याकडे आला. मी, आई, आन्या. मग आन्याच्या डाव्या बाजूला, जरा खाली.

"फोर," तो म्हणाला.

"थ्री," मी म्हणाले.

त्याने यादी बघितली. "बुकिंग चारचं आहे, मॅम."

"हो, एक जण आला नाही."

त्याने खांदे उडवले आणि चार स्टिकर दिले. बुकिंग चारचं होतं, माणूस दमलेला होता. याला मी विचित्र म्हणणार नाही. माझ्या कामात याला डेटा एरर म्हणतात.

जेवायला गेलो तिथे वेट्रेसने चार ग्लास पाणी आणलं. मोठ्यांची दोन मेन्यूकार्डं, आणि रंगीत खडूंच्या पुड्यांसकट लहान मुलांची दोन. इथे आमचं कुठलंही बुकिंग नव्हतं.

"आम्ही तिघी आहोत," मी सांगितलं.

"शुअर," ती म्हणाली. उरलेला ग्लास तिने उचलला नाही. उलट आमच्याकडे जरा रागाने बघून गेली, मुलाला उपाशी ठेवणाऱ्या आईबापांकडे बघतात तशी. आम्ही उठलो तेव्हा त्या चौथ्या ग्लासात फक्त बर्फ होता. आन्या प्यायली असेल. मी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

दुपारी खोलीवर येऊन पडलो. जाड भिंतींमुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. न्हाणीघरात टॉवेल चार होते, पण खोली चौघांची होती, त्यामुळे ते बरोबरच होतं. आन्याचा पलंग भिंतीला लागून होता. थोड्या वेळाने त्या भिंतीतून आवाज यायला लागला. टक्. मग जरा थांबून, टक्. कुणीतरी खडा वर उडवून जमिनीवर पडू देत होतं, आणि परत उचलून उडवत होतं.

"शेजारी कुणी सागरगोटे खेळतंय," आई छताकडे बघत म्हणाल्या.

"फ्लोरिडात?"

त्या हसल्या नाहीत. मी उठून बाहेर जाऊन बघितलं. त्या बाजूला खोलीच नव्हती, नुसती गल्ली होती आणि ऊन होतं.

४

दुसऱ्या दिवशी आमची संध्याकाळची फ्लाइट होती. सकाळी आईंची औषधं काढायला मी त्यांची पर्स उघडली, तर खडा आतच.

"काल ठेवणार होतात ना?"

"गेले होते संध्याकाळी." त्या केस विंचरत होत्या. फणी मध्येच थांबली. "दार उघडं होतं गं त्या घराचं. थोडंसं. आत कुणी उभं असावं, असं वाटलं. मग नाही ठेवला."

"कोण उभं असणार? बंद घर आहे ते, दारावर नोटीस आहे."

"म्हणून तर नाही ठेवला."

माझं डोकं फिरलं होतं. ट्रिप मी ठरवली, पैसे मी भरले, नवरा आला नाही, आणि आता दोन दिवस जिथे जाऊ तिथे लोक आमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होते. नाश्त्याच्या टेबलावर मालकीणबाईंनी चार बशा मांडल्या. किल्ल्याच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाने "टू अडल्ट्स, टू किड्स?" विचारलं. किल्ल्यातून बाहेर आल्यावर एका बाईने आमचा फोटो काढला आणि फोन परत देताना म्हणाली, "तुमची धाकटी फार शांत आहे हो."

फोटोत आम्ही तिघीच होतो. पण मी आणि आई एका बाजूला, आन्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. अशा आम्ही का उभ्या राहिलो होतो, ते मला आठवेना.

समोर खाडीचा धक्का होता. भरतीचं पाणी दगडांवर आपटत होतं. मी आईंच्या हातातली पर्स ओढली, चेन उघडली, खडा काढला आणि जितक्या लांब जाईल तितक्या लांब पाण्यात फेकला.

"नेत्रा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या, की बाकावरची माणसं वळली. त्यांनी माझ्यावर आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ. "अगं, सोबत घेतलेला असा वाटेत टाकतात का?"

"दगड आहे तो, आई! झालं. संपलं. आता तीन."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आन्याला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ तो हात त्यांनी काढला नाही.

५

मी खरंच बरोबर होते. आइसक्रीमच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "थ्री?"

"थ्री!" मी म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी तिला पाच डॉलर टिप दिली.

तिने तीन कप भरले. एक मला दिला, एक आईंना. तिसरा तिने काउंटरवर पुढे सरकवला, आन्या उभी होती त्याच्या बराच डावीकडे, जिथे कुणी नव्हतं. आणि गोड हसली.

"माझं कुठेय?" आन्या म्हणाली. मुलीला जणू ऐकूच येत नव्हतं. "हॅलो? एक्सक्यूज मी?"

मी तो कप उचलून आन्याच्या हातात दिला. तेव्हा मुलगी दचकली. "ओह! सॉरी, मी हिला बघितलंच नाही." तिचं हसू गेलं. ती आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आम्ही कुणाचं काहीतरी हिसकावून घेतलंय.

मग ट्रॉली बस. मी चढले, आईंना हात दिला. ड्रायव्हरने पायरीकडे बघत कुणीतरी चढायची वाट बघितली, मान डोलावली, आणि दार लावलं. आन्या बाहेर होती. काचेवर तिचे दोन्ही हात, तोंड उघडं. बस सुरू झाली.

"स्टॉप! माझी मुलगी!" मी ओरडले.

"मॅम, खाली बसा. तुम्ही तिघंही आत आहात."

"ती बाहेर आहे!"

त्याने आरशात बघितलं. आमच्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघून तो कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "ही इथे बसलीये ना." मी स्वतः दाराचा लाल दांडा ओढला. बसमधल्या माणसांनी शिव्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, अशा लोकांना फिरायला कशाला येऊ देतात.

आन्या रस्त्याच्या कडेला बसली होती आणि रडत होती. एक सायकल तिला घासून गेली. सायकलवाल्याने वळूनही बघितलं नाही.

"एव्हरीबडी इज बीइंग सो मीन," ती म्हणाली. "काल तर सगळे नीट वागत होते."

मी तिला उचलून घेतलं. दहा वर्षांची मुलगी, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत येत होते. ती मला नेहमीपेक्षा हलकी वाटली. घाबरल्यामुळे वाटली असेल.

६

मला एकच गोष्ट हवी होती. आन्याला घेऊन तिथून निघायचं. विमानाला पाच तास होते, तरी मी सामान आणलं, डिकीत टाकलं, सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. गाडी गल्लीत उभी होती. मला थोडी मागे घेऊन मग पुढे काढायची होती. बसल्यावर मी रोजच्यासारखी यादी मोजली. पर्स, फोन, बॅगा, माणसं. शेजारी आई. मागे बेल्टचा टिक् आवाज आला. आम्ही तिघी. मी रिव्हर्स टाकला. कॅमेऱ्यात मागची गल्ली रिकामी दिसत होती. मी ब्रेकवरचा पाय काढला.

आईंनी हँडब्रेक खेचला.

"आन्या कुठेय?"

"मागे," मी म्हणाले. मी मागे बघितलं. सीटवर बेल्ट लावलेला होता. तो सीटला टेकलेला नव्हता, पुढे ताणलेला होता, एखाद्या मुलाच्या अंगावर असतो तसा. त्यात कुणी नव्हतं.

आन्या गाडीच्या मागे उभी होती. बंपरला तिचे गुडघे टेकले होते. पडलेली पाण्याची बाटली उचलायला ती थांबली होती. "मॉम, आय वॉज राइट हिअर," ती म्हणाली.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. ड्रायव्हरचं, वेट्रेसचं, जगाचं काय ते असो. मी मोजलं होतं. मी, तिची आई, मोजताना तीन म्हणाले होते, आणि माझं मोजणं बरोबर आलं होतं.

"आता तूसुद्धा," आई हळूच म्हणाल्या. त्या उतरल्या. आन्याला त्यांनी दुसऱ्या बाजूने आत बसवलं, तिच्या गालाचा पापा घेतला, मग माझ्या खिडकीशी आल्या.

"खडा जिथून घेतला तिथे ठेवायचा असतो. तो तर पाण्यात गेला. काहीतरी ठेवायला हवं ना, नेत्रा."

"आई, म्हणजे काय?"

"मी आणलंय ना ते. मग मीच बघते." त्यांचा आवाज भाजी आणायला निघाल्यासारखा साधा होता. "तू गाडी काढ. मी येते मागून. आणि आता मोजू नकोस."

मी नाही म्हणायला हवं होतं. हात धरून त्यांना आत ओढायला हवं होतं. ज्या बाईवर मी चार वर्षं कुरकुरले, तिला मी त्या क्षणी अडवलं नाही. मी आरशात आन्याकडे बघत होते. ती दिसतेय का, एवढंच बघत होते.

आई गल्लीत पुढे चालत गेल्या, त्या बंद घरापर्यंत, आणि पायरीवर बसल्या. पर्स मांडीवर. मी गिअर बदलला. गल्ली एकेरी होती, त्यामुळे त्या घरावरूनच जावं लागणार होतं. मी हळूहळू निघाले.

घरासमोर आले तेव्हा दार हातभर उघडं होतं. आत अंधार होता. पायरीवर दोघी बसल्या होत्या. दोघींच्या अंगावर राखाडी जॅकेट, दोघींच्या पायांत पांढरे बूट. एकीच्या मांडीवर पर्स होती आणि मान खाली होती. दुसरी आमच्याकडे बघत होती.

दुसरी उठली.

मागचं दार उघडलं आणि लागलं. मी गाडी थांबवली होती, हे मला तेव्हा कळलं. बेल्टचा टिक् आवाज आला.

"ओके मॉम, आजी आली," आन्या म्हणाली. "गो."

आणि मी निघाले. सिग्नलला एक पोलीस उभा होता. त्याने आन्याकडे बघून हात हलवला. तिने हात हलवला. मी रडायला लागले, आणि तशीच एअरपोर्टपर्यंत गाडी चालवली.

७

निमिषने दार उघडलं. "आई, दमलीस ना? ये." त्याने माझ्या मागे बघितलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

महिना झाला. आन्याला सगळे बघतात. शाळेत हजेरी लागते, बसचा ड्रायव्हर थांबतो, ओक ट्री रोडवरचा मिठाईवाला तिला जिलबीचा तुकडा देतो. एवढ्याचसाठी मी सगळं केलं, आणि परत वेळ आली तर परत करेन. हे मला स्वतःला सांगावं लागतं.

गाडीत बसून आमच्याबरोबर आलेल्या त्या खालच्या खोलीत असतात. जेवतात, बोलतात. दुपारी मी घरून काम करत असले, की त्यांच्या खोलीतून आवाज येतो. टक्. मग जरा थांबून, टक्. आन्या म्हणते, आजीचे हात हल्ली फार खरखरीत झालेत. निमिष खूश आहे.

"आई किती बदलली यार! उपास सोडले, ते खड्याचं खूळसुद्धा सोडलं. ट्रिपने फरक पडला."

गेल्या शनिवारी तिघी भाजीला निघालो. मी सवयीने कुंडीशी थांबले. त्या थांबल्या नाहीत. गाडीशी पोचून वळल्या आणि आईंच्या आवाजात म्हणाल्या, "दगड आहे तो, नेत्रा."

चार वर्षं मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

सोमवारी पार्सल आलं. बेड अँड ब्रेकफास्टच्या मालकीणबाईंची चिठ्ठी होती. गल्लीतल्या बंद घराच्या पायरीवर एक पर्स सापडली, आत माझं कार्ड होतं, म्हणून पाठवतेय. आत आईंचा चष्मा, रुमाल, ब्लड प्रेशरच्या गोळ्या. आणि तळाशी एक खडा. पांढरा नाही, करडा, नुसत्या शिंपल्यांचा. आधी लिंबाएवढा होता, तसा नाही. हा मोठा होता, हातात मावेल न मावेल असा, आणि उन्हात ठेवल्यासारखा ऊबदार.

मी दारातच उभी होते. आत त्या पडद्याआडून बघत होत्या. मी कुलूप उघडलं नाही. आधी खाली वाकले आणि खडा कुंडीत ठेवला, पांढऱ्या गोट्यांच्या मध्ये, आई ठेवायच्या तिथेच.

आता तिघी कुठे निघालो, की मी तो पर्समध्ये घेते. तेव्हापासून त्या माझ्या शेजारी बसत नाहीत. गाडीत बसल्यावर मी मोजते. मी, आन्या, त्या. आणि आई.

चार होतात.